खडूने आखलेला रंगमंच

रात्रीचे साडेआठ. कुर्ल्याच्या नेहरूनगरात एका सोसायटीच्या ऑफिसात टेबल भिंतीला सरकवलंय आणि एक जण ओणवा होऊन लादीवर खडूने रेघ मारतोय. ही मंचाची पुढची कड. दोन प्लास्टिकच्या खुर्च्या जोडल्या की सोफा, दाराबाहेरचा जिना म्हणजे डावी विंग. नायक अजून हार्बर लोकलमध्ये लटकतोय, म्हणून प्रॉम्प्टर त्याची प्रॉक्सी देतो. शेजारी कुकरची शिट्टी झाली की वाक्य तिथेच थांबवून मागच्या क्यूपासून पुन्हा.

मराठीत पैलवानाच्या आखाड्यालाही तालीम म्हणतात आणि नटाच्या या अशा सरावालाही. मला हे अगदी रास्त वाटतं.

१८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ हे नाटक उभं केलं, तेव्हा सूत्रधार पदं म्हणायचा आणि पात्रं भाषणं आयत्या वेळी रचायची. दशावतारी नट आजही लिखित संहितेवाचून रात्र जागवतात. पण नाटक शब्दन्‌शब्द लिहून येऊ लागलं, तसा तालीममास्तर अटळ झाला. ‘शारदा’कार गोविंद बल्लाळ देवल किर्लोस्कर नाटक मंडळीत नट घडवत, आणि त्यांचं हे काम त्यांच्या नाटकांइतकंच मोलाचं होतं असं मी मानतो.

कुर्ल्याच्या या ऑफिसात आधी चार-सहा दिवस नुसतं वाचन, मग हालचाली. खरी कसोटी पुस्तक हातातून सुटतं त्या दिवशी. त्या दिवशी नटाला पहिल्यांदा स्वतःचे हात जाणवतात, आणि त्यांचं काय करायचं ते कळत नाही. एका रात्री दिग्दर्शकाने थोरल्या सुनेचं काम करणाऱ्या नटीच्या हाती पाण्याचा तांब्या दिला. वाक्य साधं : “बाबा आज येणार नाहीत.” तांब्या आधी ठेवून बोलली, तर नुसता निरोप वाटला. बोलून मग ठेवला, तर तिला हे सकाळपासूनच ठाऊक होतं असं वाटू लागलं. ‘आज’वर हात मध्येच थांबवून पाहिला. अकरा वेळा तेच वाक्य झालं आणि पाऊण तास गेला. दिवसभर काउंटरवर बसून आलेली ती बाई एकदाही कुरकुरली नाही.

वेशभूषा, प्रकाश, संगीत यांसह रंगीत तालीम अशा हौशी मंडळींना एकदाच परवडते. काहींना तीही नाही. थिएटरचं भाडं झेपत नाही. बारा फुटांच्या खोलीत चार पावलांत संपणारी एंट्री मोठ्या मंचावर आठ-नऊ पावलं घेते. ती जास्तीची पावलं नट जागच्या जागी मोजून पाठ करतात. असं पाठ करून प्रयोगाला उभं राहणाऱ्यांबद्दल मला नितांत आदर आहे.

१९५४पासून चाललेल्या राज्य नाट्य स्पर्धेला बळ मिळालं ते अशाच हौशी मंडळींकडून. १९७४मध्ये दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेने प्रायोगिक नाटकाचं बिऱ्हाड थाटलं आणि त्या शाळेच्या नावाने एक चळवळच ओळखली जाऊ लागली. एका शाळेने जागा दिल्यावर एवढं घडलं.

कुर्ल्यातल्या शाळांच्या विश्वस्तांना आणि पालिकेला म्हणून हात जोडून विनंती आहे : शाळा सुटल्यावर एखादा मोठा वर्ग आठवड्यातून तीन संध्याकाळी, परवडेल अशा भाड्यात, तालमीला द्या. बाकं ही मंडळी स्वतः हलवतील, आणि जाताना खडूची रेघही पुसून जातील.