परदेशी फुटबॉलपटू व इंग्लंडचा परवाना

इंग्लंडांतील फुटबॉलचे सामने घरबसल्या पाहण्याची सोय झाल्यापासून तेथील क्लबांचीं नांवें आपल्या शाळेंतील लहान मुलांच्याहि तोंडीं असतात. त्या क्लबांत ब्राझील, फ्रान्स, जपान, नायजेरिया अशा नाना देशांचे खेळाडू खेळतांना दिसतात. त्यामुळें खेळ उत्तम येत असला म्हणजे कोणासहि तेथें जाऊन खेळतां येतें, अशी पुष्कळांची समजूत होते. ही समजूत बरोबर नाहीं. परदेशी खेळाडूस तेथें दोन दरवाजे ओलांडावे लागतात. एक सरकारी परवान्याचा व दुसरा खेळाच्या संस्थांकडील नोंदणीचा. ते कसे व कां बांधले गेले, हें थोडक्यांत सांगण्याचा या लेखाचा हेतु आहे.

इ. स. १९३० सालीं आर्सेनल क्लबचे व्यवस्थापक हर्बर्ट चॅपमन यांनीं ऑस्ट्रियाचा नामांकित गोलरक्षक रूडी हिडेन यास आपल्या संघांत आणण्याचें ठरविलें. तो काळ जागतिक मंदीचा होता व इंग्लंडांत बेकारी वाढत चालली होती. परक्या गोलरक्षकामुळें एका ब्रिटिश गोलरक्षकाची भाकरी जाईल, अशी हरकत निघाली व मजूरखात्यानें हिडेन यास प्रवेश नाकारला. पुढें १९३१ सालीं फुटबॉल असोसिएशननें असा नियम केला कीं, परदेशी धंदेवाईक खेळाडूनें देशांत दोन वर्षें वास्तव्य केल्यावांचून त्यास खेळतां येऊं नये. कोणताहि क्लब खेळाडूस दोन वर्षें नुसता बसवून पोसणार नाहीं; तेव्हां हा नियम म्हणजे जवळजवळ बंदीच होती.

तथापि नियतीची गंमत पाहा. बर्ट ट्राउटमन हा जर्मन सैनिक युद्धकैदी म्हणून इंग्लंडांत आला, सुटकेनंतर तेथेंच राहिला व १९४९ सालीं मँचेस्टर सिटी क्लबचा गोलरक्षक झाला. वास्तव्याची अट त्याच्या बाबतींत कैदेनेंच पुरी केली होती! प्रथम लोकांनीं त्याच्याविरुद्ध मोर्चे काढले. परंतु १९५६ च्या एफ. ए. कपच्या अंतिम सामन्यांत मानेचें हाड मोडलें असतांहि तो शेवटपर्यंत खेळला, आणि त्याच लोकांनीं त्यास डोक्यावर घेतलें.

ही बंदी १९७८ सालीं उठली. युरोपीय समूहाच्या सभासद देशांतील कामकऱ्यांस राष्ट्रीयत्वाच्या कारणावरून अडवितां येणार नाहीं, असा निर्णय झाला होता. त्याच वर्षीं टॉटनहॅम क्लबनें अर्जेंटिनाचे आर्दिलेस व व्हिया हे दोन खेळाडू आणले. पुढें १५ डिसेंबर १९९५ रोजीं बेल्जियमचा खेळाडू झां-मार्क बोस्मन याच्या दाव्यांत युरोपीय न्यायालयानें निकाल दिला कीं, युरोपीय संघाच्या नागरिकांवर क्लबांच्या सामन्यांत संख्येची मर्यादा घालतां येत नाहीं. याचा परिणाम केवढा झाला, हें पुढील गोष्टीवरून दिसेल. २६ डिसेंबर १९९९ रोजीं चेल्सी क्लबनें साउदॅम्प्टनविरुद्ध जे अकरा खेळाडू आरंभीं उतरविले, त्यांत एकहि ब्रिटिश नव्हता.

ब्रिटन युरोपीय संघांतून बाहेर पडल्यावर १ जानेवारी २०२१ पासून चित्र पुन्हां पालटलें. आयर्लंडचे नागरिक सोडल्यास फ्रेंच खेळाडू काय आणि ब्राझीलचा काय, सर्वांस एकच कसोटी लागू झाली. आधीं फुटबॉल असोसिएशनचें शिफारसपत्र मिळवावयाचें व त्याच्या आधारें सरकारकडे व्हिसा मागावयाचा, असा क्रम आहे. शिफारसपत्रासाठीं गुणांची पद्धति ठरली. खेळाडू आपल्या राष्ट्रीय संघाकडून किती सामने खेळला, त्याचा क्लब कोणत्या दर्जाच्या लीगमध्यें खेळतो, तेथें त्यास किती मिनिटें खेळावयास मिळालीं, क्लबचा क्रम कितवा लागला, या प्रत्येक बाबीस गुण असतात. एकूण १५ गुण झाले म्हणजे शिफारस मिळते. पुढें २०२३ सालीं एक सवलत निघाली. गुण अपुरे असलेले, परंतु होतकरू असे कांहीं थोडे खेळाडू क्लबांना घेतां येऊं लागले. वरच्या दोन श्रेणींत जास्तींत जास्त चार. मात्र क्लब इंग्लिश खेळाडूंस जेवढें अधिक खेळवील, तेवढ्या या जागा अधिक मिळतात. घरच्या मुलांस संधि द्या आणि मग पाहुणे बोलवा, असा यांतील मथितार्थ आहे.

परवाना मिळाला तरी नोंदणीचा दरवाजा उरतोच. पूर्वीच्या देशाच्या फुटबॉल संस्थेकडून दाखला आणावा लागतो व ठराविक मुदतींतच नांव नोंदवावें लागतें. शिवाय प्रीमियर लीगनें २०१० सालापासून २५ जणांच्या यादीचा नियम केला. त्यांत बाहेर तयार झालेले खेळाडू १७ हून अधिक असूं नयेत, असें ठरलें. येथें प्रश्न राष्ट्रीयत्वाचा नाहीं. एकविसाव्या वर्षापूर्वीं इंग्लंड किंवा वेल्समधील क्लबांत ज्यानें तीन वर्षें काढलीं, तो घरचा समजला जातो. म्हणूनच स्पेनचा फाब्रेगास, जो १६ व्या वर्षीं आर्सेनलमध्यें आला, तो या नियमानें घरचा ठरला. पण २०२१ नंतर त्यास त्या वयांत येतांच आलें नसतें. कारण १८ वर्षांखालील परदेशी मुलांना घेण्याची युरोपीय सवलत इंग्लंडनें गमावली आहे.

या नियमांची झळ आपल्या देशासहि लागली आहे. २००९ सालीं सुनील छेत्री यांच्याशीं लंडनच्या क्वीन्स पार्क रेंजर्स क्लबनें तीन वर्षांचा करार केला. परंतु परवाना नाकारला गेला. खेळाडूचा देश जागतिक क्रमवारींत पहिल्या ७० मध्यें असावा, अशी त्या वेळीं अट होती. भारताचा आजवरचा सर्वांत वरचा क्रम ९४ असून तो १९९६ सालचा आहे. भारतातर्फें सर्वाधिक गोल करणाऱ्या या खेळाडूच्या पायांतील कसबाविषयीं क्लबास शंका नव्हती. अडलें तें देशाच्या क्रमापाशीं. पुढें २०१५ सालीं ही मर्यादा पहिल्या ५० देशांपर्यंत आणखी आंखडली गेली.

हें न्याय्य आहे काय? दोन्ही बाजूंस बोलण्यासारखें आहे. पिकतें तेथें विकत नाहीं, ही म्हण खरी होऊं द्यावयाची नसेल, तर घरच्या मुलांचें रक्षण करणें कोणत्याहि देशास प्राप्तच आहे. उलटपक्षीं, मनुष्याची योग्यता त्याच्या देशाच्या क्रमांकावरून मोजणें गुणी माणसास जाचक होतें, हेंहि नाकारतां येत नाहीं.

पालकांनीं यांतून एक व्यावहारिक गोष्ट ध्यानांत ठेवावी. अठरा वर्षांखालील मुलास परदेशी क्लबांत दाखल करून देतों, असें सांगून कोणी पैसे मागूं लागला, तर हे नियम आठवावे व अधिकृत संस्थेकडे चौकशी केल्यावांचून एक पैहि देऊं नये. आणि विद्यार्थ्यांनो, तुम्हीं हें ओळखावें कीं, एकट्याच्या कौशल्यानें दरवाजा अर्धाच उघडतो. उरलेला अर्धा देशाचा सबंध संघ वर चढेल तेव्हांच उघडेल. त्या संघाची उभारणी अशाच शाळांच्या मैदानांवर व्हावयाची आहे.