वेग आणि वळण

परदेशांतून कोणी सुटीस घरीं आलें कीं मुलांच्या वांट्यास कांहीं तरी नवलाईची वस्तु येतेच. वारजे येथील आमच्या एकत्र कुटुंबांत यंदा अमेरिकेहून आलेल्या भाच्यानें डिस्क गोल्फ नांवाच्या खेळाच्या चार रंगीत तबकड्या आणल्या. वडील मंडळींना त्या ताटल्यांसारख्या दिसल्या, व दोन दिवस त्यांवरून थट्टाहि पुष्कळ झाली. तिसऱ्या दिवशीं मात्र असा एक प्रसंग घडला कीं, या विषयाचा थोडा अभ्यास करणें मला भाग पडलें.

मुलें मोकळ्या मैदानांत तबकड्या फेंकीत होतीं. माझ्या चौदा वर्षांच्या पुतणीच्या हातून सुटलेली तबकडी दर खेपेस थोडें अंतर जाऊन डावीकडे कले व जमिनीवर आदळे. तीच तबकडी तिचा कॉलेजांत जाणारा चुलतभाऊ फेंकी, तेव्हां ती सरळ दूरवर जाई. आमचे दादा जवळच उभे होते. ते सहज बोलून गेले, "अग, मनगटांत जोर लागतो त्याला. हें तुझें काम नव्हे." मुलगी उलट कांहीं बोलली नाहीं. तिनें तबकडी ओट्यावर आणून ठेवली, आणि पुढें दोन दिवस तिला हात लावला नाहीं.

दादांचें म्हणणें सर्वस्वी खोटें नव्हतें. वेग आणि वळण यांचा संबंध आहेच. पण तो काय आहे, हें पाहिलें पाहिजे.

हातांतून सुटलेल्या तबकडीला दोन गति असतात: एक पुढें जाण्याची व दुसरी स्वतःभोंवतीं फिरण्याची. पुढें जातांना वारा तिला वर उचलून धरतो. हा आधार वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत असतो. म्हणजे वेग निम्मा झाला कीं आधार चौथाईवर येतो. आतां हा आधार तबकडीच्या बरोबर मध्यावर लागत नाहीं. वेग पुरेपूर असतां तो मध्याच्या किंचित् मागें लागतो व पुढची कड खालीं दाबूं पाहतो. वेग मंदावला कीं तबकडी खालीं येऊं लागते, वारा तिच्या पोटाखालून लागतो, आधाराची जागा मध्याच्या पुढें सरकते व पुढची कड वर उचलली जाऊं लागते.

येथें भोंवऱ्याची आठवण करावी. स्थिर भोंवरा आरेवर उभा केला तर तत्काळ कलंडतो. फिरता भोंवरा मात्र पडण्याऐवजीं डोकें गोलाकार फिरवीत राहतो. फिरत्या वस्तूस ज्या बाजूला ढकलावें त्या बाजूला ती न जातां तिच्याशीं काटकोनांत असलेल्या बाजूला कलते. उजव्या हातानें, हात छातीसमोरून बाहेर झटकून फेंकलेली तबकडी वरून पाहतां घड्याळाच्या कांट्यांप्रमाणें फिरते. तिची पुढची कड खालीं दाबली गेली कीं ती उजवीकडे कलते; वर उचलली गेली कीं डावीकडे. म्हणून भरवेगांत ती प्रथम किंचित् उजवीकडे झुकते, व वेग ओसरल्यावर डावीकडे वळून खालीं उतरते. वारा समोरून असेल तर तबकडीस तो वाढलेल्या वेगासारखाच भासतो व तें उजवें वळण वाढतें. वारा पाठीमागून असेल तर उलट होतें.

सर्वच तबकड्या सारख्या नसतात, हें मला नंतर कळलें. पूर्वींच्या खेळण्यांतील तबकडी, जी अमेरिकेंत १९५७ सालापासून एका कंपनीनें विकावयास आणली, तिची कड जाड व बोथट असे. गोल्फसाठीं १९८३ सालीं उतरत्या, धारदार कडेची तबकडी निघाली. ती वारा अधिक सहज कापते, परंतु तिला तेवढाच अधिक वेग द्यावा लागतो. तबकडीवर बहुधा चार आंकडे छापलेले असतात, त्यांतील पहिला वेगाचा. ती तबकडी तेवढा वेग देईल असा त्याचा अर्थ नव्हे. तिला तेवढा वेग द्यावा लागेल असा आहे. मुलीच्या हातांत जी होती तिच्यावर बाराचा आंकडा होता. निष्णात खेळाडू ताशीं शंभर किलोमीटरांहून अधिक वेगानें फेंकतात, त्यांच्यासाठीं ती घडविलेली. मुलीच्या हातून ती सुटे तीच मुळीं ओसरलेल्या वेगानें. मग सुरुवातीचें सरळ उड्डाण तिला कोठून मिळावें?

रविवारीं सकाळीं मीं तिला आग्रहानें मैदानावर नेलें व पांच आंकड्याची, जाड कडेची, वजनानें हलकी तबकडी तिच्या हातीं दिली. पहिलीच फेंक बऱ्याच अंतरापर्यंत सरळ गेली आणि अखेरीस अगदीं थोडी डावीकडे उतरली. मग तीच तबकडी चुलतभावानें सर्व जोर लावून फेंकली. ती थरथरत उजवीकडे वळली व थेट बाभळींत जाऊन अडकली! दादांनीं बारा आंकड्याची घेतली. ती वीस पावलांवर डावीकडे आपटली. दादा हंसले, परंतु बोलले कांहीं नाहींत.

घरीं परततांना मीं त्यांस बालेवाडीची आठवण दिली. वारज्याहून फारसें दूर नसलेल्या त्या क्रीडासंकुलांत २०१३ सालीं आशियाई मैदानी स्पर्धा झाल्या, व थाळीफेकींत विकास गौडा यांनीं भारतास सुवर्णपदक मिळवून दिलें. पुरुषांच्या थाळीचें वजन २ किलो असतें, स्त्रियांच्या थाळीचें १ किलो. हा फरक जगभर मान्य आहे, व त्यामुळें स्त्रियांच्या पदकाचें मोल कोणी कमी लेखीत नाहीं. साधन हाताला साजेसें असावें, एवढाच त्याचा अर्थ. मग घरांतल्या मुलांच्या बाबतींत तरी आपण साधन न तपासतां हातालाच कां नांव ठेवावें? अभ्यासाचें पुस्तक असो, पेटीचा पहिला धडा असो, कीं स्वयंपाकघरांतली जड कढई असो. मूल अडखळलें म्हणजे "हें तुझें काम नव्हे" हा शब्द आपल्या तोंडीं तत्परतेनें येतो. तो ऐकून मूल वाद घालीत नाहीं, वस्तु मुकाट्यानें ओट्यावर ठेवतें. आणि आपणांस वाटतें कीं आपला तर्क खरा ठरला.

दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं ओट्यावर तबकडी नव्हती. मैदानांत पाहिलें तों मुलगी फेंकीत होती, आणि पडलेली तबकडी उचलून आणून देण्यास दादा होते.