जर्मन सांगाडा, ऑस्ट्रेलियन अंग, अमेरिकन नाव
लेखमाला : गाड्यांची घराणी – भाग ९

गेल्या भागात हिंदुस्थान मोटर्सची कॉन्टेसा पाहिली. व्हॉक्सहॉलने ब्रिटनमध्ये बंद केलेल्या व्हिक्टरचे साचे उत्तरपाड्याला आले आणि १९८४ मध्ये गाडी बाजारात उतरली ती अँबेसेडरचंच दीड लिटरचं इंजिन घेऊन. एवढ्या थोराड अंगाला ते पुरणार कसं? पुढे इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन आलं, तेव्हा कुठे ती गाडी पळायला लागली. थोडक्यात, तिथे सांगाडा बरा होता, ताकद तोकडी होती. आज नेमकं उलटं उदाहरण घेऊ. २००४ ची पॉन्टिअ‍ॅक जीटीओ : ताकद भरपूर, पण सांगाडा परका आणि दहा वर्षांचा जुना. अशी गाडी नावाला जागते का?

अमेरिकेत हे नाव साधं नाही. पॉन्टिअ‍ॅकने १९६४ मध्ये आपल्या मध्यम आकाराच्या टेम्पेस्टमध्ये ६.४ लिटरचं व्ही-८ इंजिन बसवलं, तिला जीटीओ म्हटलं आणि 'मसल कार'चा जमाना सुरू झाला. (नाव थेट फेरारीकडून उचललेलं. तेव्हाही परक्याचं काही घेण्यात कुणाला वावगं वाटलं नव्हतं!) १९७४ नंतर ते नाव बंद पडलं. २००१ मध्ये बॉब लुट्झ जनरल मोटर्सचे उपाध्यक्ष म्हणून आले, आणि कंपनीच्याच ऑस्ट्रेलियातल्या होल्डन शाखेची मोनारो ही दोन दारांची गाडी जीटीओ या नावाने अमेरिकेत आणायचं ठरलं.

पण मोनारोही अस्सल ऑस्ट्रेलियन नव्हती. तिचं मूळ जर्मनीतल्या ओपेल ओमेगात. १९९४ ची ही ओमेगा होल्डनने रुंद करून घेतली आणि १९९७ मध्ये व्हीटी कमोडोर म्हणून आणली. त्या चार दारांच्या कमोडोरची दोन दारांची आवृत्ती १९९८ च्या सिडनी मोटर शोमध्ये नुसती बघायला म्हणून ठेवली होती. लोकांनी उचलून धरली, म्हणून २००१ मध्ये ती मोनारो या नावाने विक्रीला आली. गंमत अशी की, हीच ओमेगा त्याआधी कॅडिलॅक कटेरा हे नाव लावून अमेरिकेत येऊन गेली होती आणि सपशेल आपटली होती. त्यामुळे हा सांगाडा अमेरिकेला नवा नव्हता. फक्त कुणी ओळख दाखवली नाही.

इंजिनाबद्दल तक्रारीला जागाच नव्हती. पहिल्या वर्षी कॉर्व्हेटच्या घराण्यातलं ५.७ लिटरचं व्ही-८, ३५० हॉर्सपॉवर. २००५ पासून ६ लिटर आणि ४०० हॉर्सपॉवर. त्या काळी अमेरिकेत मिळणाऱ्या बीएमडब्ल्यू एम-३ ची ताकद ३३३ होती आणि किंमत जीटीओपेक्षा कितीतरी जास्त. सरळ रस्त्यावर जुना सांगाडा कुठेच आड आला नाही.

खरी परीक्षा वळणावर, आणि तीही मागच्या चाकांची. ओमेगाच्या मागच्या प्रत्येक चाकाला तिरक्या सांध्यावर हलणारा आर्म आहे. इंग्रजीत त्याला सेमी-ट्रेलिंग आर्म म्हणतात. दाराची बिजागरी तिरकी बसवली, तर दार उघडताना बाजूला जाताजाता वरखालीही होतं. तसंच हे चाक वर जाताना थोडं आत कलतं आणि त्याचं तोंडही किंचित वळतं. ओपेलच्या अभियंत्यांना हे ठाऊक होतं, म्हणून त्यांनी चाकाचं तोंड सरळ धरून ठेवणारी एक जास्तीची दांडी दिली होती. होल्डनने व्हीटी कमोडोर करताना ही दांडीच काढून टाकली! परिणाम व्हायचा तो झाला. मागे ट्रेलर ओढताना किंवा भरलेल्या गाडीने उंचसखल रस्ता कापताना चाकं वाकडी चालू लागली आणि मागचे टायर आतल्या बाजूने खाल्ले जाऊ लागले. होल्डनच्या शर्यती वळणाच्या गाड्या करणाऱ्या एचएसव्हीने आपल्या सर्वांत महागड्या जीटीएसमध्ये ती दांडी परत घातली, आणि २००१ मध्ये होल्डननेही साध्या कमोडोरला ती देऊन टाकली.

हा तपशील मला या सगळ्या गोष्टीत सर्वांत महत्त्वाचा वाटतो. 'जुनं परकं डिझाइन' म्हणून नाक मुरडणारे धरून चालतात की, दोष जुनेपणात असतो. इथे जुनं डिझाइन शहाणं होतं. त्यातला एक तुकडा वाचवायला गेलेले नवे लोक चुकले. याच घराण्याची ताकद पाहायची असेल, तर ओमेगाच्या आधीच्या पिढीवर १९९० मध्ये बेतलेली लोटस कार्लटन पाहा : ३७७ हॉर्सपॉवर, ताशी २८३ किलोमीटर. घरगुती गाडी इतकी पळते म्हणून ब्रिटिश वर्तमानपत्रांनी तिच्यावर बंदीची मागणी केली होती.

मग जीटीओ विकली का गेली नाही? तीन वर्षांत मिळून सुमारे ४०,८०० गाड्या, म्हणजे अपेक्षेपेक्षा कमीच. एक कारण डिक्कीत होतं. मागून धडक बसली तर टाकी सुरक्षित राहावी, म्हणून अमेरिकेसाठी ती मागच्या सीटच्या पाठीशी आणली आणि डिक्कीची जागा जेमतेम सात घनफूट उरली. परक्या गाडीला नव्या देशाचे नियम लावताना असा खर्च कुठेतरी निघतोच. पण मोठं कारण रूप. नाव साठच्या दशकातलं, दर्प साठच्या दशकातला आणि समोर उभी गोल, शांत, सज्जन चेहऱ्याची गाडी. पहिल्या वर्षी बॉनेटवर हवेची नाकपुडीसुद्धा नव्हती. २००५ मध्ये ती बसवली, पण तोवर मन उठलेलं होतं.

त्याच वर्षी फोर्डने नवी मस्टँग आणली. मसल कारला शोभेल असा जुना चेहरा, ३०० हॉर्सपॉवर, किंमत कमी. सांगाडा नवाकोरा, पण मागे दोन्ही चाकांना जोडणारा एकच आडवा दांडा, जी रचना ओमेगापेक्षाही कितीतरी जुनी. आणि गिऱ्हाइकं तिच्याकडेच धावली.

म्हणून माझा निकाल सांगतो. गाडी म्हणून जीटीओ नावाला पुरेपूर जागली. वळणावर ती त्या वेळच्या मस्टँगपेक्षा सभ्य होती आणि सरळ रस्त्यावर वेगवान. हरली ती विक्रीच्या खिडकीत. होल्डनचा अ‍ॅडलेडजवळचा एलिझाबेथ इथला कारखाना, जिथे ती बनत होती, २० ऑक्टोबर २०१७ ला बंद झाला. पॉन्टिअ‍ॅक हे नाव त्याच्याही आधी, २०१० मध्ये संपलं.

पुढच्या आठवड्यात : क्रायस्लर ३०० आणि तिच्या पोटातली मर्सिडीज.