पडदा मंद कां होतो?

दादासाहेब फाळक्यांनीं १९१३ सालीं ‘राजा हरिश्चंद्र’ काढिल्यावर नाशकांत बिऱ्हाड केलें. त्या काळीं चित्र चालू राहण्यासाठीं हात हलवावा लागे तो यंत्र फिरविणाऱ्यास. प्रेक्षकानें स्वस्थ बसावें. आज आपल्या घरांतील खेळाच्या यंत्रावर झालेला सामना पुनः पाहूं जावें, तों ऐन शेवटच्या षटकांत पडदा काळवंडतो! वडील मंडळी विजेच्या दाबास दोष देतात. पण तो निर्दोष आहे.

यंत्रास आपले डोळे दिसत नाहींत; त्यास केवळ बटण दाबल्याचें कळतें. कांहीं मिनिटें तें दाबलें नाहीं कीं, खेळणारा उठून गेला असें समजून तें प्रकाश कमी करितें. हें उगाच नव्हे. ओएलईडी पडद्यांतील प्रत्येक बिंदु सेंद्रिय द्रव्याच्या योगानें स्वतः प्रकाशतो व प्रकाशतां प्रकाशतां क्षीण होतो. धावफलकासारखी आकृति तासन्‌तास एकाच जागीं राहिल्यास तेथील बिंदु अधिक झिजून तिची पुसट छाया कायमची उमटते.

चित्रपट चालू असतां ‘मंद होऊं नको’ अशी आज्ञा यंत्रास देतां येते. खेळ रचणाऱ्यानें पुनर्दर्शनासाठीं ती योजना केली नसेल, तर पंचाईत होते. निंटेंडो स्विचमध्यें ही मंदता बंदही करितां येते. पण ती बंद ठेवून जेवावयास उठणें आम्हांस धोक्याचें वाटतें. आम्ही आपली मधून मधून हातांतली कांडी किंचित् हलवितों. पडदा तत्काळ उजळतो.