लॅपटॉपला जादा रॅम टाकताय? आधी जुनी काढून तिच्यावरचं लेबल वाचा

केडगाव (ता. दौंड) : सेकंडहँड लॅपटॉप आता घरोघरी दिसू लागलेत. कोणी कॉलेजच्या पोराला घेऊन दिलाय, कोणी गुऱ्हाळाच्या हिशोबाला, कोणी ऑनलाइन फॉर्म भरायला. पण अशा जुन्या मशीनमध्ये बऱ्याचदा ४ जीबीच रॅम असते. ब्राउझरच्या सात-आठ टॅब उघडल्या की मशीन अडखळतं आणि शेवटच्या तारखेचा फॉर्म अर्ध्यावर लटकतो. मग बंद पडलेल्या दुसऱ्या लॅपटॉपची रॅम काढून यात टाकायची, नाहीतर पुण्याहून ८ जीबीची आणायची, असं ठरतं. वेगळ्या कंपनीची, वेगळ्या क्षमतेची रॅम जुनीबरोबर चालते का?

बहुतेक वेळा चालते. पण पिढी एकच पाहिजे. डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ या तिन्हींची खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळं एकीच्या स्लॉटमध्ये दुसरी बसत नाही. बसत नसेल तर जोर लावू नका. स्लॉट मोडला की खर्च थेट मदरबोर्डवर जातो.

खरी फसगत डीडीआर३ मध्ये होते. साधी डीडीआर३ दीड व्होल्टवर चालते आणि डीडीआर३एल १.३५ व्होल्टवर. दोन्ही दिसायला सारख्या, बसतातही एकाच स्लॉटमध्ये. इंटेलच्या चौथ्या पिढीच्या लॅपटॉपला मात्र ‘एल’वालीच लागते. लेबलवर पीसी३ च्या पुढं इंग्रजी ‘एल’ आहे का, ते बघूनच पैसे द्या.

वेगाचं गणित बैलजोडीसारखं आहे. एक बैल चपळ आणि दुसरा संथ असला, तर औत संथ बैलाच्याच चालीनं चालतं. २४०० ची जुनी आणि ३२०० ची नवी एकत्र लावली, की दोन्ही २४०० नंच पळतात. बिघडत काही नाही, फक्त जादा वेगाचे पैसे वाया जातात. ४ आणि ८ मिळून १२ जीबी करायलाही हरकत नाही. सारख्या क्षमतेची जोडी जास्त चांगली, कारण प्रोसेसर दोन्हींशी एकदम बोलतो. पण नुसत्या ४ पेक्षा १२ केव्हाही बरी.

खरेदीआधी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. परफॉर्मन्समध्ये मेमरीवर गेलं, की रॅमचा वेग आणि किती स्लॉट भरलेत ते कळतं. तिथं ‘रो ऑफ चिप्स’ लिहिलेलं असेल तर रॅम बोर्डावरच डकवलेली आहे, ती काढता येत नाही. मेमरी अर्धीच भरलीय आणि डिस्क मात्र सारखी शंभर टक्के दिसतेय, तर दोष रॅमचा नाही. तिथं एसएसडी टाकलेली फायद्याची. आणि रॅम वाढवली म्हणून जुन्या मशीनवर विंडोज ११ चढेलच असं नाही, त्याला प्रोसेसरही त्यांच्या यादीतला लागतो.

रॅम बसवण्याआधी फोटो, हिशोब, कागदपत्रं पेनड्राइव्हवर घ्या. रॅम सदोष निघाली तर मशीन चालू राहूनही सेव्ह केलेली फाइल आतून खराब होऊ शकते, आणि ते कळतं फार उशिरा. चार्जर काढा, शक्य असेल तर बॅटरीची पिनही सोडवा. हात आधी एखाद्या धातूच्या वस्तूला लावा, अंगातल्या स्थिर विजेनं चिप जाऊ शकते.

बसवल्यावर पहिल्यांदा स्क्रीन थोडा वेळ काळी राहिली तर घाबरू नका. नुसतीच बीप वाजत राहिली किंवा स्क्रीन उजळलीच नाही, तर मशीन बंद करून नवी काढा, पुन्हा नीट बसवा. मशीन सुरू झाल्यावर स्टार्टमध्ये ‘विंडोज मेमरी डायग्नॉस्टिक’ शोधून तपासणी लावा. मशीन स्वतः रिस्टार्ट होऊन रॅम तपासतं. चूक दाखवली किंवा निळी स्क्रीन वारंवार आली, तर एकेक स्टिक लावून दोषी कोणती ते काढा. दुकानदाराशी बदलून देण्याचं आधीच बोलून ठेवा, पक्कं बिल घ्या. आणि जुनी स्टिक काढावी लागली, तरी नवीवर आठ-पंधरा दिवस काम होईपर्यंत ती विकू नका.