कोड तोच, आउटपुट वेगळं!

एक सोपा प्रश्न. लूप शून्यापासून दोनपर्यंत फिरतो. प्रत्येक फेरीत एक फंक्शन तयार होतं, लूपचा आकडा छापणारं. लूप संपल्यावर तिन्ही फंक्शन्स चालवली. आउटपुट काय? '०, १, २' असं म्हणालात ना? थांबा. आधी विचारा, भाषा कुठली आणि व्हर्जन कुठलं?

फंक्शन आपल्या आजूबाजूचं व्हेरिएबल सोबत धरून ठेवतं, तेव्हा त्याला क्लोजर म्हणतात. गंमत अशी, की ते आकडा लिहून घेत नाही, व्हेरिएबलच धरतं. समजा, वर्गाबाहेर एकच फळा आहे. सर त्यावर एक नंबर लिहितात, पुसतात, दुसरा लिहितात. तिघा मित्रांना सांगितलं, 'नंतर येऊन बघा'. तिघांनाही शेवटचाच नंबर दिसणार! प्रत्येकाला वेगळी चिठ्ठी दिली असती, तर घोळ झाला नसता.

जावास्क्रिप्टमध्ये 'व्हार' म्हणजे हा फळा. उत्तर ३, ३, ३. २०१५ साली 'लेट' आलं आणि दर फेरीला नवी चिठ्ठी मिळू लागली. 'व्हार' मात्र तसंच ठेवलं, जुन्या वेबसाइट्स बंद पडायला नकोत म्हणून. सी शार्पने २०१२ मध्ये पाचव्या व्हर्जनला 'फॉरईच'चा नियमच बदलला. साधा 'फॉर' जुन्याच वळणावर राहिला. पायथनमध्ये आजही २, २, २ येतं.

'एवढ्याशा गोष्टीने काय बिघडतं?' असं वाटतंय? वेबसाइट्सना मोफत सुरक्षा सर्टिफिकेट देणाऱ्या 'लेट्स एन्क्रिप्ट'चं सॉफ्टवेअर गो भाषेत आहे. एका अर्जात अनेक डोमेन असली, की प्रत्येकाची फेरतपासणी होण्याऐवजी एकच डोमेन पुन्हा पुन्हा तपासलं जात होतं. कारण? लूपचं तेच एक व्हेरिएबल! २०२० मध्ये हे उघड झालं, तेव्हा तीस लाखांहून जास्त सर्टिफिकेट्सना फटका बसला होता.

फेब्रुवारी २०२४ मध्ये गोच्या १.२२ व्हर्जनने हा फळा काढून टाकला. पण एक अट आहे. प्रोजेक्टच्या 'गो डॉट मॉड' फाइलमध्ये १.२२ किंवा त्यापुढचं व्हर्जन लिहिलेलं हवं. तिथे १.२१ असेल, तर कंपायलर कितीही नवा टाका, नियम जुनाच लागतो. म्हणजे एका ओळीमुळे त्याच कोडचा अर्थ बदलतो.

म्हणून नोट्समधलं किंवा नेटवरचं उत्तर कॉपी करताना ते कुठल्या व्हर्जनसाठी लिहिलंय, ते आधी बघा. जुन्या गो कोडमध्ये लूपच्या आत त्याच नावाचं व्हेरिएबल पुन्हा बनवणारी ओळ दिसली, तर 'काय फालतू ओळ आहे' म्हणून लगेच उडवू नका. ती कुणीतरी मुद्दाम दिलेली चिठ्ठी आहे. 'गो डॉट मॉड' उघडा, व्हर्जन वाचा, मगच डिलीट दाबा.