छत उघडलं की थारमधला बास कुठे जातो?

शिरवणे एमआयडीसीच्या रस्त्यावरून काचा बंद केलेली हॅचबॅक जाते आणि बाहेर उभ्या माणसाची छाती दणाणते. तोच सबवूफर, तोच बॉक्स नाशिकला बनलेल्या सॉफ्ट टॉप थारमध्ये टाका, छत उघडा, आवाज पोकळ. सबवूफर बिघडलेला नसतो.

४० हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी सुमारे साडेआठ मीटर. केबिन त्याहून कितीतरी लहान. त्यामुळे बंद गाडीत आतल्या सगळ्या हवेचाच दाब वर-खाली होतो आणि खालचे सूर वाढतात. हा फुकटचा बास! सीलबंद बॉक्सचा आवाज खाली सप्तकामागे १२ डेसिबलने उतरतो, पण केबिन साधारण तेवढीच भर घालते. छत गेलं की भरही गेली.

म्हणून उघड्या गाडीला नळीचा, म्हणजे पोर्टेड बॉक्स बरा. नळीतली हवा ठरावीक सुराला कोनला साथ देते. त्याखाली मात्र कोन बेफाम हलतो, तेव्हा अ‍ॅम्प्लिफायरचा सबसॉनिक फिल्टर लावाच. जागाही जास्त लागते, आणि थारची डिकी किती ते मालकांना माहीतच आहे. आतली मापं सेंटिमीटरमध्ये घ्या: ५०×४०×२५ भागिले १००० म्हणजे ५० लिटर. त्यातून सबवूफरची आणि नळीची जागा वजा करून आकडा कंपनीच्या माहितीपत्रकाशी जुळवा.

साधा एमडीएफ पाणी लागलं की फुगतो. इथल्या पावसाला मरीन प्लायच घ्या, महाग असला तरी. आणि बॉक्स बॉडीला बोल्टने आवळा. जोरात ब्रेक लागला तर तो मागून थेट प्रवाशांवर येतो.